स्वयंसेवी पोलीस आणि पोलीस-संघटनांचा विरोध : आयर्लंडचा अनुभव

पोलिसाचे काम वेतन न घेणाऱ्या नागरिकाकडे काही अंशी सोपवावे काय, हा प्रश्न लोकप्रशासनाच्या अभ्यासकाला नवा नाही. इंग्लंडमध्ये १८३१ च्या कायद्याने विशेष कॉन्स्टेबलांच्या नेमणुकीस निश्चित रूप दिले. मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर होमगार्ड दल उभे राहिले. परंतु नियमित पोलिसांच्या संघटनांचा उघड विरोध असताना असे दल स्थापिले गेले, तर काय घडते? ह्या दृष्टीने आयर्लंडचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

आयर्लंडचे पोलीस दल, गार्डा शीखाना, १९२२ मध्ये स्थापन झाले. ह्या नावाचा अर्थ ‘शांतिरक्षक’ असा होतो आणि दलातील बहुसंख्य गणवेशधारी शस्त्रावाचून काम करतात. पोलिसांना कामगार-संघ स्थापण्याची मुभा नव्हती. तथापि शिपाई-दर्जाच्या गार्डांची एक आणि सार्जंट व इन्स्पेक्टर ह्यांची दुसरी, अशा दोन प्रातिनिधिक संघटना अस्तित्वात होत्या. न्यायमंत्री मायकेल मॅकडॉवेल ह्यांच्या कारकीर्दीत संमत झालेल्या २००५ च्या कायद्याने राखीव दलाची तरतूद केली, तेव्हा ह्या दोन्ही संघटनांनी तिला कडवा विरोध केला. तरीही योजना पुढे गेली आणि डिसेंबर २००६ मध्ये टेंपलमोर येथील पोलीस महाविद्यालयातून पहिली तुकडी बाहेर पडली.

राखीव सदस्याने वर्षाकाठी किमान २०८ तास सेवा द्यावी, त्यास वेतन नसावे, केवळ खर्चापोटी अल्प वार्षिक भत्ता मिळावा, अशी योजना होती. सेवेवर असताना त्याला सामान्य गार्डाचे अधिकार होते. मात्र त्यांची मर्यादा ठरविण्याची मुभा पोलीस आयुक्तांस होती.

संघटनांचे आक्षेप मुख्यतः तीन होते. एक, नियमित गार्डाच्या दीर्घ प्रशिक्षणापुढे राखीव सदस्याचे प्रशिक्षण फारच तोकडे होते. दोन, अटकेसारखा अधिकार वापरताना अननुभवी माणसाची चूक झाली, तर तिचे ओझे सोबतच्या गार्डावर पडेल. तीन, फुकट मनुष्यबळ हाती आले की सरकार नियमित जागा भरण्यात टाळाटाळ करील. उलट, राखीव दल हे पूरक आहे, पर्यायी नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. त्याच काळात नियमित दलाची संख्या १४,००० वर नेण्याचा कार्यक्रमही चालू होता.

ह्या वादाची खरी कसोटी लागली ती आर्थिक संकटात. २००९ पासून २०१४ पर्यंत नियमित भरती थांबली आणि सुमारे १४,५०० असलेले मनुष्यबळ १३,००० च्या खाली उतरले. ह्याच वर्षांत राखीव सदस्यांची संख्या मात्र वाढत जाऊन एक हजारावर गेली. ह्यावरून संघटनांचा तिसरा आक्षेप सिद्ध झाला, असे म्हणणे घाईचे ठरेल. भरती थांबली ती राखीव दलामुळे नव्हे, तिजोरी रिती झाल्यामुळे. पण पूरक म्हणून निर्माण केलेली संस्था टंचाईच्या काळात पर्यायासारखी भासू लागते, ही त्यांची भीती निराधार नव्हती, एवढे मान्य करावे लागेल.

पुढे २०१४ मध्ये नियमित भरती पुन्हा सुरू झाली, तेव्हा अनेक राखीव सदस्य नियमित दलात गेले. राखीव दलातील नवी भरती मंदावली आणि २०२३ पर्यंत त्याची संख्या चारशेच्या आत आली. म्हणजे सरकारला अपेक्षित असलेली स्थायी नागरी संस्थाही पुरती रुजली नाही.

ह्या अनुभवाचा निष्कर्ष काय? कायदा पद निर्माण करू शकतो, अधिकार देऊ शकतो. पण ज्याच्या खांद्याला खांदा लावून स्वयंसेवकाने रात्रीची गस्त घालावयाची, त्या नियमित पोलिसाचा विश्वास कायद्याने देता येत नाही. म्हणून संघटनांचा विरोध हा केवळ स्वार्थ समजून बाजूस सारणे शास्त्रीय नव्हे. प्रशिक्षण, जबाबदारी आणि नियमित जागांची हमी ह्या तीन प्रश्नांची उत्तरे त्या विरोधातच मागितलेली असतात. जेथे पोलिसांना आपले म्हणणे मांडण्यास संघटनाच नाही, तेथे विरोध ऐकू येत नाही एवढेच. प्रश्न मात्र तेच राहतात. होमगार्डसारख्या आपल्या संस्थांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने त्या मौनाचाही विचार करावा.