१६ डिसेंबर : घाटाची आणि मैदानाची तारीख
पेठ परिसरात बैलगाडा शर्यत म्हणजे यात्रेचा जीव. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यतींवर बंदी आली आणि घाट, म्हणजे शर्यतीचे चढाचे मार्ग, मुके झाले. त्याच न्यायालयाने शर्यतींना पुन्हा सशर्त परवानगी दिली ती १६ डिसेंबर २०२१ ला. पुढे घोडी, मागे उधळलेले बैल, भंडाऱ्याने पिवळा झालेला चढ आणि मोजक्या सेकंदांत संपणारी बारी! सात वर्षं अडलेलं हे सुख शेतकऱ्याला परत मिळालं.

१९४८ मध्ये याच तारखेला पुण्यात महाराष्ट्र-काठियावाड रणजी सामना सुरू झाला. त्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता, तेवढ्यात काठियावाडने सामनाच सोडला. ही हुरहूर अजून जात नाही.