नादारीचा अर्ज करण्याआधी

कर्जाचे हप्ते थकत गेले की घरात कोणीतरी एकदा म्हणतंच, ‘सरळ दिवाळखोरी जाहीर करा आणि मोकळे व्हा.’ हा सल्ला बहुतेक वेळा अमेरिकेतल्या बातम्यांवरून आलेला असतो. भारतातही सामान्य माणसासाठी ही वाट आहे, पण ती कुठून निघते आणि कुठे पोचते हे सल्ला देणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

आधी कायदा कोणता ते पाहू. २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता कंपन्यांमुळे गाजली. तिचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे, पण तो १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. त्याच भागात अगदी गरीब कर्जदारासाठी एक सोपी तरतूदही आहे: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज पुसून टाकता यावं. ती कागदावरच राहिली आहे. त्यामुळे नोकरदार, दुकानदार, छोटा कारखानदार यांना आजही इंग्रजी अमदानीतले दोन कायदे लागतात. मुंबईसाठी १९०९चा, आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईत प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं, बाहेर जिल्हा न्यायालयाकडे.

आता एक काल्पनिक माणूस घेऊ. सांगलीत छपाईचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका मोबाइलवर गेल्या आणि काम निम्म्यावर आलं. डोक्यावरचं देणं असं: गृहकर्ज १४ लाख, खासगी बँकेचं वैयक्तिक कर्ज ६ लाख, क्रेडिट कार्डाचे २ लाख ८० हजार, पतसंस्थेचे ५ लाख, हातउसने ३ लाख, आणि थकलेला जीएसटी ९० हजार. एकूण ३१ लाख ७० हजार. पतसंस्थेच्या कर्जाला मेव्हणा आणि एक मित्र जामीन आहेत. हातउसन्यांपैकी एकाला दिलेला चेक परत गेला आहे.

नादारीचा अर्ज करायला यातला कुठलाच आकडा कमी नाही. कायद्याने घातलेली किमान मर्यादा आहे ५०० रुपये कर्जाची! खरा प्रश्न, या ३१ लाख ७० हजारांपैकी नादारीचा हात कुठवर पोचतो, हा आहे. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी एका कागदावर प्रत्येक कर्ज वेगळं लिहावं आणि प्रत्येकापुढे विचारावं: तारण आहे का, जामीनदार आहे का, सरकारचं आहे का, फौजदारी बाजू आहे का?

गृहकर्जाला घर तारण आहे. तारण असलेल्या घेणेकऱ्याचा हक्क नादारीने अडत नाही. हप्ते नव्वद दिवस थकले की खातं अनुत्पादित ठरतं, मग बँक साठ दिवसांची नोटीस देते, आणि त्यानंतर ताबा घेऊन लिलाव करू शकते. हे सगळं नादारीच्या बाहेर चालू राहतं. जीएसटी हे सरकारी देणं. नादारीतून शेवटी मुक्तता मिळाली तरी सरकारचं देणं सुटत नाही. फसवणुकीतून झालेलं देणं आणि कोर्टाने ठरवलेली पोटगीही सुटत नाही. परत गेलेल्या चेकचा खटला फौजदारी आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो. ‘मी नादार आहे’ एवढं सांगून तो खटला मिटत नाही.

राहिली पतसंस्था. महाराष्ट्रात घरातली नाती तुटतात ती इथे. संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी कामाला लागतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. कर्जदाराची नादारीतून मुक्तता झाली तरी जामीनदार मोकळा होत नाही, हे १९२०च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे आपल्या मुद्रकांचे पाच लाख सुटले, तर ते मेव्हण्याच्या पगारातून जाणार.

हे सगळं बाजूला काढलं की उरतात वैयक्तिक कर्ज, कार्ड आणि हातउसने. ११ लाख ८० हजार. नादारी कोणाचाही गळा न धरता खरोखर सोडवू शकते ते एवढंच, आणि निर्णय या आकड्यावर व्हायला हवा. लोक मात्र वरच्या बेरजेकडे पाहून घाबरून निर्णय घेतात.

तरीही अर्ज केलाच, तर काय होतं? अर्जात सगळी देणी, सगळे घेणेकरी आणि सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागते. आपण देणी फेडू शकत नाही हे कोर्टाला प्रथमदर्शनी पटावं लागतं. मग नादार ठरवल्याचा हुकूम निघतो आणि तो राजपत्रात छापला जातो. त्या क्षणापासून मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मुंबईत हे काम ऑफिशियल असाइनी करतात. बदल्यात एक मोठा दिलासा मिळतो. घेणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय वेगळा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो.

अटकेची भीती लोकांना फार असते, म्हणून थोडं थांबतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कैद कायद्यात आजही आहे, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. पण ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, ऐपत असून द्यायची टाळाटाळ दाखवावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच करता येत नाही. फोनवर ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ म्हणणाऱ्या वसुलीवाल्याला हे माहीत असतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये बजावलं आहे, हेही त्याला माहीत असतं.

घरातलं काय जातं, काय राहतं? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० इथे कामाला येतं, आणि ते वाचताना जुन्या मराठी घराची यादी वाचल्यासारखं वाटतं. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं आणि बियाणं. धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही, म्हणजे मंगळसूत्राला हात लावता येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कमही सुरक्षित. पगाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही. ३० हजार पगार असेल तर २० हजार ३३३ हातात राहतात. बायकोचं स्त्रीधन नवऱ्याच्या मालमत्तेत धरता येत नाही.

आधीच घर भावाच्या नावावर करून ठेवावं, हा विचार येतोच. अर्जाच्या आधी दोन वर्षांत असं फुकटात केलेलं हस्तांतर रद्द होऊ शकतं. त्याहून अवघड मोह मेव्हण्याचा. निदान त्याला तरी सोडवावं म्हणून असलेले पैसे पतसंस्थेत भरले, आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर इतरांना डावलून एका घेणेकऱ्याला दिलेलं ते झुकतं माप ठरून कोर्ट ते उलटवू शकतं. माणुसकी म्हणून केलेली गोष्ट अशी कायद्यात अडकते. ज्याला जामीनदाराला वाचवायचं आहे त्याने ते नादारीचा विचारही मनात नसताना, वेळेवर करायला हवं होतं, एवढंच म्हणता येतं.

मुद्रकांच्या गोष्टीत पुढे जाऊ. घर लिलावात १७ लाखांना गेलं, बँकेचे १४ वजा जाता ३ लाख रिसीव्हरकडे आले. छपाई यंत्राचे ३ लाख, मोटारसायकलचे ४० हजार. एकूण ६ लाख ४० हजार. विनातारण देणी १७ लाख ७० हजार. खर्च धरला नाही तरी रुपयाला ३६ पैसे पडले. इथे १९२०च्या कायद्यातली एक जुनी अट आडवी येते: विनातारण देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर संपूर्ण मुक्तता मिळत नाही. अपवाद एकच, आपली परिस्थिती आपल्या दोषाने आली नाही हे कोर्टाला पटवणं. लग्नपत्रिकांचा धंदा बसला हे पटवता येईल. पण तीन वर्षांचे हिशेब नीट ठेवलेले नसतील, नादार झाल्याचं कळूनही धंदा चालू ठेवला असेल, सट्टा किंवा उधळपट्टी केली असेल, तर अडचण येते. अशा वेळी कोर्ट मुक्तता पुढे ढकलतं किंवा पुढच्या कमाईतून काही भाग भरण्याची अट घालतं.

नादार ठरवतानाच, मुक्ततेसाठी किती मुदतीत अर्ज करायचा हे हुकुमात लिहिलेलं असतं. ती तारीख चुकवली तर नादारीच रद्द होते आणि सुटू पाहणारी देणी पुन्हा उभी राहतात. वकील बदलले, घर बदललं, काहीही झालं तरी ही तारीख चुकवू नये.

मुक्तता मिळेपर्यंतचा काळ हा खरा ‘परिणामां’चा काळ. या काळात वारसाहक्काने काही मिळालं, समजा वडील गेले आणि सातबाऱ्यावर हिस्सा लागला, तर तोही रिसीव्हरकडे जातो. कंपनीचा संचालक होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही, ग्रामपंचायत-नगरपालिकेवर निवडून जाता येत नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत कर्जबाजारी होणं टाळण्याची अपेक्षा लिहिलेली आहे, तेव्हा खात्याला कळवणं ओघानेच आलं. आणि ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घ्यायचं असेल, तर समोरच्याला ‘मी नादार आहे’ हे सांगावं लागतं. न सांगता घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९२०मध्ये ५० रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. आज किराणा दुकानातल्या वहीवर एका फेरीत तेवढे चढतात. आकडा कोणीच बदलला नाही. मुक्तता मिळताना मात्र एक प्रमाणपत्र मागून घ्यावं: नादारी दुर्दैवाने आली, गैरवर्तनाने नाही, असं. निवडणुकीवरची या कायद्यातली बंदी उठायला ते लागतं, आणि कोर्टाचा तो कागद गावातल्या तोंडांनाही उत्तर असतो.

यापेक्षा तडजोड बरी का? माझ्या मते मुद्रकांसारख्यांना बहुतेकदा हो. एकरकमी परतफेडीत बँक व्याजावर आणि कधी मुद्दलावरही पाणी सोडते. पैसे भरण्याआधी तडजोडीचं पत्र लेखी घ्यावं, भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. सिबिलच्या अहवालात खातं ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं, आणि ती खूण वर्षानुवर्षं नवं कर्ज महाग किंवा अशक्य करते. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसतं, म्हणून पुन्हा तोच वाद उकरला जात नाही. एक सावधगिरी: तीन वर्षं होत आलेल्या जुन्या कर्जाची लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर मुदत नव्याने मोजली जाते. तेव्हा वसुलीवाल्याने पुढे केलेल्या कागदावर दारात उभ्या उभ्या सही करू नये.

नादारी शहाणपणाची ठरते ती वेगळ्या चित्रात. घर नाही किंवा भाड्याचं, जामीनदार कोणी नाही, सरकारी देणं नाही, विनातारण कर्जं मात्र सात-आठ ठिकाणची, आणि त्यांतले एक-दोन जण तडजोडीला तयारच नाहीत. तडजोडीला प्रत्येकाची संमती लागते, एक अडून बसला की उरलेल्यांशी केलेली बोलणी वाया जातात. नादारीत अडून बसणाराही सगळ्यांच्या रांगेत येतो आणि प्रमाणात जे मिळेल ते घेतो. हिशेब स्वच्छ असतील, लपवायला काही नसेल आणि काही वर्षं मान खाली घालून काढायची तयारी असेल, तर या शतकापूर्वीच्या कायद्यातही आसरा आहे.

आणि मुलांचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य म्हणून त्याच्यावर दावा लावण्याची जुनी हिंदू कायद्यातली सोय ९ सप्टेंबर २००५नंतरच्या कर्जांसाठी संपली. मुलाला वडिलांकडून वारशाने जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतीच घेणेकऱ्यांची पोच. मात्र गृहकर्जावर मुलाने किंवा बायकोने सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज त्यांचं स्वतःचं आहे, आणि वडिलांच्या नादारीने ते हलत नाही. कर्जाची मूळ कागदपत्रं काढून सह्या कोणाकोणाच्या आहेत हे पाहण्याचं काम अर्जाच्या आधी करायचं.