हजेरीनंतरची शाळा

वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, आमच्या काही घरांत पगार आला, पोरं हायस्कुलात गेली. आता शिक्षणाचा प्रश्न सुटला, असे आमचेच सुशिक्षित बांधव सांगतात. आम्ही विचारतो, वरणगावच काय, कोणत्याही गावात हजेरी झाल्यावर झाडू कोणाच्या हाती येतो? मॉनिटर कोण होतो? "स्कॉलरशिपवाले उभे राहा" म्हणून भर वर्गात जात कोण उघडी करतो? एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव गणित सोडवायला निघाले, तेव्हा मुलांनी फळ्यामागचे डबे धावत जाऊन उचलले होते. आता डबे उचलत नाहीत, एवढेच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचितांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. पण २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत ही समिती नुसती सल्ला देणारी उरली. शिवाय कायदा आठवीलाच थांबतो. नववी-दहावीला संस्थाचालक म्हणेल ती पूर्व दिशा!

तरी सल्ला इतिवृत्तात लिहून घेता येतो. आमच्या मायबहिणींनी बैठकीला जावे, झाडलोटीच्या पाळीचा तक्ता मागावा आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये.