चूक शोधणाऱ्या अवजाराची तपासणी

‘गिट बायसेक्ट’ हा आदेश प्रोग्रॅममध्ये बिघाड नेमक्या कोणत्या बदलामुळे शिरला ते शोधून देतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिले आणि त्याच वर्षी हा आदेशही त्यात आला. गिटमध्ये कोडमधला प्रत्येक बदल ‘कमिट’ म्हणून नोंदलेला असतो. वापरणाऱ्याने नीट चालणारे एक जुने कमिट आणि बिघडलेले एक नवे कमिट सांगायचे. बायसेक्ट त्यांच्या साधारण मधोमध असलेले कमिट काढून देतो. तेही चांगले निघाले तर दोष पुढच्या अर्ध्यात असतो, बिघडलेले निघाले तर आधीच्या अर्ध्यात. अशा रीतीने हजार कमिटांतला दोषी बदल दहाएक चाचण्यांत हाती लागतो.

या आदेशाच्या स्वतःच्या कोडमध्ये बदल करायचा झाला, तर तो पॅचच्या रूपाने ईमेलवर येतो. इतर प्रोग्रॅमर ओळ न् ओळ वाचतात आणि आक्षेप त्या त्या ओळीखाली लिहितात. लेखक दुरुस्ती करून दुसरी, तिसरी आवृत्ती पाठवतो आणि आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदलले तेही सोबत दाखवतो. २००५ पासून गिटची देखभाल करणारे जुनिओ हमानो पटलेले काम आधी ‘नेक्स्ट’ या शाखेत मुरू देतात, मग ‘मास्टर’ या मुख्य शाखेत घेतात.

बायसेक्टच्या पॅचची अशी तपासणी, म्हणजे रिव्ह्यू, अवघड असतो, कारण या अवजाराची चूक दिसत नाही. एखादा प्रोग्रॅम बंद पडला तर निदान कळते तरी. बायसेक्ट चुकला तर तो भलत्याच कमिटचे नाव ठामपणे सांगतो आणि वापरणारा त्यावर विश्वास ठेवून दिवसभर निर्दोष कोड उकरत बसतो. म्हणून ‘सगळे सुरळीत असताना हे चालते का’ एवढे पाहून भागत नाही. काही बिनसले तर उत्तर काय येईल, हे आधी पाहावे लागते.

‘बायसेक्ट रन’चे उदाहरण घेता येईल. २००७ मध्ये आलेल्या या सोयीत चाचणीची स्क्रिप्ट एकदा दिली की शोध आपोआप चालतो. स्क्रिप्ट संपताना एक आकडा परत देते. ० म्हणजे चांगले, १२५ म्हणजे हे कमिट तपासता येत नाही, १ ते १२७ मधला बाकी कोणताही आकडा म्हणजे वाईट. १२७ च्या वरचा आकडा आला की शोध थांबतो. अडचण १२६ आणि १२७ ची होती. स्क्रिप्टच्या नावात एक अक्षर चुकले आणि ती सापडली नाही, तर आदेश चालवणारे शेल १२७ परत देते. परवानगी नसल्यामुळे ती चालवता आली नाही, तर १२६. बायसेक्ट दोन्हींना ‘वाईट’ समजे. मग प्रत्येक पायरीवर ‘वाईट’ असाच निकाल लागे आणि चांगल्या कमिटच्या लगेच नंतरच्या बदलावर आळ येई. चाचणी मात्र एकदाही चाललेली नसे.

हे दोन आकडे सरळ ‘थांबा’मध्ये टाकावेत, असे कुणालाही वाटेल. पण बिघडलेल्या कोडमध्ये चाचणीला हवा असलेला प्रोग्रॅमच तयार होत नसेल, तर १२७ हा खरा, अर्थपूर्ण निकाल असू शकतो. तसे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट मोडून चालणार नव्हते. २०२२ मध्ये आवृत्ती २.३६ मध्ये आलेला उपाय म्हणूनच सुंदर आहे. पहिल्याच फेरीत १२६ किंवा १२७ आला, तर बायसेक्ट तीच स्क्रिप्ट चांगल्या म्हणून सांगितलेल्या कमिटवर चालवून पाहतो. तिथेही तोच आकडा आला, तर दोष स्क्रिप्टचा ठरतो आणि शोध तिथेच थांबतो.

याहून मोठी कसोटी भाषांतराची होती. बायसेक्ट मुळात शेल स्क्रिप्ट होता. तो सी भाषेत आणण्याचे काम कित्येक वर्षे तुकड्यातुकड्याने चालले आणि मार्च २०२३ च्या २.४० आवृत्तीत पुरे झाले. अशा बदलात नवी सोय कोणतीच नसते, जुने वागणे जसेच्या तसे राहायला हवे असते. त्यातले बरेचसे कुठे लिहून ठेवलेले नसते. वाटेत एक चूक नजरेतून निसटलीच. ‘रन’ला दिलेल्या आदेशाचे काही पर्याय बायसेक्टचा नवा कोड स्वतःचेच समजून घेऊ लागला. ही चूक डिसेंबर २०२२ च्या २.३९ मध्ये सुधारली गेली.

रिव्ह्यूमध्ये दोन गोष्टींचा आग्रह कायम असतो. दुरुस्तीसोबत चाचणी हवी, आणि ती दुरुस्तीआधी नापास होऊन नंतर पास व्हायला हवी. दुसरे म्हणजे एकत्र पाठवलेल्या पॅचच्या मालिकेतला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे कंपाइल झाला पाहिजे आणि त्या टप्प्यावर सगळ्या चाचण्या पास झाल्या पाहिजेत. पाच पॅचपैकी तिसऱ्यापाशी कोड मोडत असेल आणि पाचव्यापाशी पुन्हा जुळत असेल, तर शेवटचा निकाल बरोबर असूनही मालिका परत पाठवली जाते. पुढे कधी गिटमध्येच बिघाड निघाला तर तो बायसेक्टनेच शोधायचा असतो, आणि मधले मोडके कमिट त्या शोधात आडवे येते.