तीस सेकंद थांब!

रात्रीचे अकरा वाजलेले. पी.एल. संपत आलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायब्रेशनचा पेपर. मी फक्त एवढंच बघणार होतो की अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १९४० साली वाऱ्याने कसा पडला. पाच मिनिटांचं काम!

पूल बघितला. मग कळलं की आपण समजतो तसं ते साधं रेझोनन्सचं प्रकरण नव्हतं. पुलाची पिळवटणारी हालचालच वाऱ्यातून ऊर्जा खेचत होती आणि ती हालचाल आणखी वाढत होती. ह्याला फ्लटर म्हणतात. मग कळलं की पुलावर अडकलेल्या गाडीत एक कुत्रा होता, आणि त्या अपघातात गेला तो एवढाच एक जीव. वाईट वाटलं. मग कुत्र्यांच्या जाती. मग लांडगे. मग सैबेरिया. पहाटे साडेतीनला मी जगातली सर्वांत लांब रेल्वे वाचत होतो आणि चार चॅप्टर तसेच पडून होते. पेपरात जे व्हायचं तेच झालं. केटी!

घरी सांगताना "पेपर अवघड होता" असं सांगितलं. खरं कारण कुठल्या तोंडाने सांगणार?

पण मित्रांनो, असा महाभाग मी एकटाच नाही, हे मला एका चित्रकाराने दाखवून दिलं. रँडल मन्रो त्याचं नाव. शिक्षणाने फिजिक्सवाला. नासाच्या लँगली केंद्रात रोबोटवर काम करायचा. वहीच्या पानांवर काढलेली चित्रं स्कॅन करून २००५ साली त्याने नेटवर टाकायला सुरुवात केली. २००६ साली नासातलं काम संपलं आणि चित्रं हाच त्याचा धंदा झाला. कॉमिकचं नाव 'एक्सकेसीडी'. त्याचा अर्थ शोधू नका, ज्याचा उच्चारच होणार नाही अशी अक्षरं त्याने मुद्दाम निवडली होती. माणसं म्हणजे काड्यांची, डोक्याच्या जागी गोल; नाक-डोळे नाहीत. तरी आठवड्यातून तीनदा नवीन चित्र येतं आणि आता आकडा तीन हजारांच्या पुढे गेलाय.

त्याच्या २००७ सालच्या एका चित्रात वाचत-वाचत भरकटणं दाखवलंय. आणि सुरुवात कुठून, तर ह्याच टॅकोमा पुलापासून! मला तर आपली चोरी पकडल्यासारखंच वाटलं.

त्याच वर्षीचं दुसरं चित्र 'नर्ड स्नायपिंग'. रस्ता ओलांडणाऱ्या फिजिक्सवाल्याला एक जण गणित दाखवतो. एक-एक ओहमच्या रेझिस्टरची चारी दिशांना अनंत पसरलेली जाळी आहे. बुद्धिबळातला घोडा जसा अडीच घरं चालतो, तशा अंतरावरच्या दोन बिंदूंमधला रोध किती? बिचारा भर रस्त्यात विचार करत उभा राहतो आणि ट्रक येतो.

आता बघा हं. शेजारच्या दोन बिंदूंमधला रोध तोंडी निघतो. एका बिंदूतून एक अँपिअर आत सोडा. चारही वाटा सारख्या, म्हणून प्रत्येकीत पाव. शेजारच्या बिंदूतून एक अँपिअर बाहेर काढा. तिथेही मधल्या तारेत पाव. दोन्ही एकाच दिशेने, म्हणून बेरीज अर्धा. म्हणजे रोध अर्धा ओहम. पण घोड्याच्या चालीला ही युक्ती चालत नाही. तिथे उत्तर येतं चार भागिले पाय, वजा अर्धा. म्हणजे सुमारे ०.७७३ ओहम. चौकोनी जाळीत हा वर्तुळाचा पाय कुठून घुसला? बघा, अडकलात ना!

म्हणजे भरकटण्याचे दोन प्रकार झाले. रेझिस्टरच्या जाळीत अडकणं आणि पहाटे सैबेरियाला पोहोचणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. रेक्टर सरांना तर दोघांच्याही खोलीत फक्त लाइट चालू दिसतो! मग आपलं आपल्याला ओळखायचं कसं?

ह्याचं उत्तर मन्रोच्याच २०११ सालच्या 'लेट गो' ह्या चित्रात सापडलं. तेही चित्रात नाही, तर माउस वर नेल्यावर दिसणाऱ्या मजकुरात. त्यालाही ही खोड होती, एक बंद केलं की लगेच दुसरं उघडायची. बरेच उपाय करून थकल्यावर त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर सोय केली, की काहीही नवीन उघडायचं तर तीस सेकंद नुसतं बसून राहावं लागेल. बंदी नाही, फक्त थांबायचं. आणि खोड गेली! कामाच्या वापरात मात्र काहीच फरक पडला नाही.

असं का व्हावं? स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की कधी दाणा मिळतो, कधी नाही, असं ठेवलं तर कबुतर चोच मारतच राहतं. दाणे बंद झाले तरी बराच वेळ थांबत नाही. आपलंही तेच. दहा वेळा मोबाइल उघडला की एकदा काहीतरी मजेदार मिळतं. पण चोच आणि दाणा ह्यांच्यात अंतर पडलं की ती गाठ सैल होते. कंट्रोल सिस्टीमचे सर म्हणतील, लूपमध्ये डिले टाकला तर सिस्टीम बिघडते. बरोबर आहे सर, आम्हाला ही सिस्टीम बिघडवायचीच आहे!

हिशोबही सोपा आहे. कामाच्या गोष्टी रात्रीतून चार वेळा उघडल्या, तर थांबण्यात गेली दोन मिनिटं. विरंगुळा साठ वेळा उघडायचा, तर नुसतं बसण्यातच अर्धा तास. एवढा पेशन्स आळशी माणसाकडे कुठून येणार?

केटीच्या पेपराआधी मी हे पंधरा रात्री करून बघितलं. सॉफ्टवेअर वगैरे काही नाही. मोबाइल हातात घेतला की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघायचा, तीस सेकंद. रूम पार्टनर हसायचा. क्रिकेट मॅचच्या रात्री तर हा उपाय सपशेल फसला. पण बाकी रात्री एक गोष्ट लक्षात आली. निम्म्या वेळा तर मोबाइल कशासाठी उचलला होता, हेच तीस सेकंदांनंतर आठवायचं नाही. फ्लटरचं काय ते नीट बघू, असं वाटलेलं मात्र तीस सेकंदांनंतरही तसंच शिल्लक असायचं. ते मी बघितलं, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

माझ्यापुरती ओळखायची खूण हीच. खरं कुतूहल थांबायला तयार असतं. खोडीला थांबता येत नाही. त्या रात्री पूल बघणं ही चूक नव्हती. पुलावरून खाली उतरल्यावरही चालत राहिलो, ती चूक.

केटी सुटली. घरी ह्या वेळी पुलाची गोष्टही सांगितली. बाबा आधी चिडले, आणि मग त्यांनी विचारलं, "तो कुत्रा कुणाचा होता रे?"

उत्तर द्यायच्या आधी मी तीस सेकंद थांबलो.