जास्वंदीच्या शेंड्यावर 'कापूस' दिसतोय? नाशिककरांनी तो जरा जास्तच मनावर का घ्यावा

कळ्या भरपूर येतात, पण उमलायच्या आधीच गळतात. शेंड्याची पानं मुरडतात, एकाच जागी गुच्छासारखी दाटतात, आणि त्यांच्या बेचक्यात कुणीतरी कापूस चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं. बागकामाच्या फेसबुक ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी हा फोटो येतोच. खाली सल्ल्यांची रांग लागते: हळद टाका, ताक टाका, राख टाका.

हा कापूस म्हणजे मिलीबग, मराठीत पिठ्या ढेकूण. त्याच्या अनेक जातींपैकी एकीचं इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलंय, 'पिंक हिबिस्कस मिलीबग'. शास्त्रीय नाव मॅकोनेलिकोकस हिर्सुटस. १९०८ मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून तिची पहिल्यांदा नोंद झाली. आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारी कीडही हीच.

जास्वंद आणि द्राक्षाचा काय संबंध?

ही कीड दोनशेहून जास्त प्रकारच्या झाडांवर जगते. जास्वंद, भेंडी, कापूस ही तिची आवडती, द्राक्षवेलही त्यातच. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं इतकी बारीक असतात की वाऱ्यावर, कपड्यांवर, छाटणीच्या कात्रीवर बसून सहज पुढच्या झाडावर पोहोचतात. वेलीवर ती सुटलेल्या सालीखाली लपतात आणि मण्यांत साखर भरू लागली की घडात शिरतात. त्यांच्या चिकट गोड विष्ठेवर काळी बुरशी चढते, आणि असा घड निर्यातीच्या पेटीत जात नाही. काढणीच्या तोंडावर फवारणीलाही हात आखडता घ्यावा लागतो, कारण युरोपात माल पाठवताना रसायनांचे अंश तपासले जातात. म्हणूनच बागेच्या बांधावर जास्वंद किंवा भेंडी ठेवू नका, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं.

कॉलेज रोडवरच्या चौथ्या मजल्यावरची एक कुंडी दिंडोरीची बाग बुडवेल, असं अर्थातच नाही. पण मखमलाबाद, आडगावसारख्या भागात सोसायटीच्या भिंतीपलीकडे द्राक्षबाग असू शकते. तिथे कीड लागलेली फांदी छाटून कंपाउंडबाहेर भिरकावणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात उंदीर सोडण्यासारखंच.

मग करायचं काय?

आधी मुंग्या बघा. मिलीबगची गोड विष्ठा मुंग्यांना हवी असते, म्हणून त्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात, थोडक्यात मिलीबगची राखण करतात. खोडाला चार बोटं रुंद पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिन लावलं आणि फांद्या भिंतीला टेकणार नाहीत एवढं पाहिलं, तरी मुंग्यांची ये-जा बरीच तुटते.

मुरडलेले शेंडे कापा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून मगच कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. कात्री धुऊन, पुसून घ्या. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही. बहुतेकांचं इथेच चुकतं: एकदा फवारून सोडून देतात. मेणचट आवरणातली अंडी त्यातून वाचतात. म्हणून दर आठवड्याला, असं तीन-चार वेळा करावं लागतं.

एक सावधगिरी. मिलीबगसारखाच पांढरा, झुपकेदार, पण आकाराने मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असू शकते. वेश पाहुण्यांचा, पण ती मिलीबग खायलाच आलेली असते. हा ऑस्ट्रेलियातला कीटक १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला गेला होता. आज तो द्राक्षबागांतही सोडतात. ती अळी दिसली तर फवारणी थांबवा.

आणि शेतावरून उरलेलं औषध गच्चीवर मारायचा मोह टाळा. तेच फूल सकाळी गणपतीला वाहिलं जातं, कुणाकडे तेलात किंवा चहात जातं. लहान मुलं तिथेच खेळत असतात.

कीड नाही, तरी फुलं नाहीत?

मग बहुधा ऊन, पाणी किंवा छाटणीचा प्रश्न असतो. जास्वंदीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. कुंडीतलं पाणी उन्हाळ्यात एक दिवस चुकलं तरी कळ्या गळतात. उलट बुडाशी पाणी साचलं तर पानं पिवळी पडतात. पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता समजा. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंड्यांत हे सर्रास दिसतं. युरियाने झाड हिरवंगार होतं, फुलं मात्र रुसतात.

जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. द्राक्षाची गोडी छाटणी माहीत असलेल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. फक्त वेळ वेगळी. हे झाड उष्ण प्रदेशातलं, आणि निफाडचा पारा हिवाळ्यात दहा अंशांच्या खाली जातो, अधूनमधून त्याहूनही बराच. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी मोठी छाटणी नको. नवी फूट गारठून बसते. थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, एक तृतीयांश छाटा. गणपतीत फुलं हवी असतील तर दुसरी हलकी छाटणी जूनच्या सुरुवातीला उरकून घ्या. छाटल्यापासून बहर यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात.