पेट्रोलने दूषित झालेल्या जमिनीचे शुद्धीकरण

पेट्रोल पंपावर वाहनात इंधन भरून घेणाऱ्यास आपल्या पायांखाली काय आहे याचा सहसा विचार पडत नाही. तेथे हजारो लिटर पेट्रोल व डिझेल सामावणाऱ्या टाक्या पुरलेल्या असतात. टाकीस गंज चढून बारीकसे छिद्र पडले, अथवा नळाचा सांधा सैल झाला, की इंधन थेंबाथेंबाने मातीत उतरू लागते. वर काहीच दिसत नाही. पुष्कळदा पहिली सूचना मिळते ती शेजारच्या विहिरीच्या पाण्यास येणाऱ्या वासाने, आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पेट्रोलमधील बेंझीन हे द्रव्य कर्करोगकारक असून जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

अमेरिकेत या प्रश्नाची तीव्रता १९८० नंतरच्या काळात ध्यानात आली. तेथील बहुतेक टाक्या साध्या पोलादाच्या, गंजापासून संरक्षण नसलेल्या होत्या. १९८४ मध्ये त्यांच्यासाठी कायद्यात तरतूद झाली, १९८८ मध्ये नियम झाले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास वा बदलण्यास डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत देण्यात आली. गळतीची पाच लाखांहून अधिक प्रकरणे तेथे आजवर नोंदली गेली आहेत. इतक्या ठिकाणची माती खणून अन्यत्र नेणे म्हणजे एका गावची घाण दुसऱ्या गावी टाकणे होय. शिवाय चालू पंपाखाली खणणार तरी किती? म्हणून माती जागच्या जागी ठेवून तीतील पेट्रोल काढून घेण्याच्या ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांत बाष्प-उपशाची पद्धत विशेष रूढ झाली.

हिचे तत्त्व घरगुती आहे. ओले कापड वाऱ्यावर लवकर वाळते, कारण कापडातून निघालेली वाफ वारा दूर नेतो व नव्या वाफेस जागा होते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत अडकलेल्या पेट्रोलचीही वाफ होतच असते. मात्र तेथे वारा नसतो. तो निर्माण करावयाचा. त्यासाठी भूजलपातळीच्या वर संपेल अशा बेताने विंधनछिद्रे घेऊन त्यांत खालच्या भागास चिरा पाडलेले नळ बसवितात. नळाभोवती खडी भरतात आणि वरचा भाग चिकणमाती व सिमेंटने घट्ट बंद करतात. शोषकपंप सुरू होताच भोवतालची हवा मातीतून नळाकडे ओढली जाते व येताना पेट्रोलची वाफ घेऊन येते. ही हवा तशीच सोडून देता येत नाही. प्रथम तीतील पाणी वेगळे करून ती सक्रिय कोळशाच्या थरातून नेतात अथवा भट्टीत जाळतात. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असता एका ठिणगीने स्फोट होतो, म्हणून पंपाची मोटार व विजेची जोडणी स्फोटरोधक असावी लागते.

पहिल्या काही आठवड्यांत भरपूर वाफ निघते, पुढे प्रमाण झपाट्याने घटते. येथेच फसगत होते. यंत्र थांबवून काही दिवसांनी पुन्हा मोजणी केल्यास आकडा वर गेलेला आढळतो, कारण चिकणमातीच्या थरांतील पेट्रोल सावकाश बाहेर येत असते. म्हणून यंत्र थांबवीत-चालवीत काम पुढे नेतात. परिस्थिती अनुकूल असल्यास सहा महिने ते दोन वर्षे लागतात. डिझेलची वाफ सहज होत नसल्याने त्यास ही पद्धत तितकीशी लागू पडत नाही. तथापि जमिनीत खेळणाऱ्या हवेमुळे मातीतील जिवाणूंना प्राणवायू मिळतो व ते डिझेलचाही काही अंश फस्त करतात.

इंधन एकदा पाण्यात विरघळले, की नुसता हवेचा उपसा पुरत नाही. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराच्या विहिरींत १९९६ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे द्रव्य आढळले. ते पाण्यात सहज विरघळते. शहराचे सुमारे निम्मे पाणी पुरविणाऱ्या विहिरी बंद झाल्या आणि त्या पूर्ववत् उपयोगात येण्यास एका तपाहून अधिक काळ लागला.

आपल्याकडील जमिनीचा विचार करता ही पद्धत सरसकट उपयोगी पडेल असे नाही. काळी माती ओली असता फुगते व हवेस वाट देत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा हवा भेगांतून धावते आणि मधले ढेकूळ तसेच राहते. खालच्या कातळातील भेगांतून पेट्रोल कोठल्या विहिरीकडे जाईल हे वरून सांगता येत नाही. कोकण किनाऱ्यावरील वाळूत हवा चांगली खेळते, पण तेथे पाणीच वर असते. पावसाळ्यात ते आणखी चढते व उपशास कोरडी माती उरत नाही.

त्यामुळे टाकीतील साठा मोजण्याची साधी डिपकाठी येथे यंत्राहून मोलाची ठरते. काठीचे माप, टँकरने आलेले इंधन व झालेली विक्री यांचा मेळ तापमानामुळे होणारी घट-वाढ धरूनही सतत बसत नसेल, तर टाकीची व नळांची दाबचाचणी तत्काळ करावयास हवी. पावसाळ्यात टाकीत पाणी आढळल्यासही तेच करावे, कारण ज्या वाटेने पाणी आत येते त्याच वाटेने पेट्रोल बाहेर जाऊ शकते. पंपाजवळच्या विहिरीस पेट्रोलचा वास आल्यास ग्रामपंचायतीने तिचे पाणी पिण्यास बंद करून नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा, आणि खात्री होईपर्यंत त्या विहिरीत कंदील वा पेटती विडी घेऊन कोणासही उतरू देऊ नये.